पडद्यावरचे नट आणि विनोदवीर या व्यवसायात आले कसे?

तिसरी घंटा

लाना टर्नर या अभिनेत्रीच्या शोधाची एक आख्यायिका हॉलीवूडने अनेक दशके जपली. श्वाब्ज नावाच्या औषधांच्या दुकानात सोड्याच्या काउंटरवर एक शाळकरी मुलगी बसली होती, कुणा मोठ्या माणसाची नजर तिच्यावर गेली आणि ती तारका झाली, अशी ती कथा आहे. प्रत्यक्षात ही घटना श्वाब्जमध्ये घडलीच नाही. टॉप हॅट कॅफे नावाच्या दुसऱ्याच ठिकाणी तिला बिली विल्करसन यांनी पाहिले, आणि ते चित्रपटव्यवसायाचे एक दैनिक चालवत होते. त्यांनी तिला झेपो मार्क्सच्या एजन्सीकडे पाठवले. हा झेपो म्हणजे मार्क्स बंधू या विनोदी नटांपैकी सर्वांत धाकटा, जो अभिनय सोडून नटांची दलाली करू लागला होता. मुलीची शाळाही हॉलीवूडमध्येच होती. म्हणजे आख्यायिका ज्याला निव्वळ योगायोग म्हणते, तो चित्रपटवाल्यांचीच ये-जा असलेल्या वस्तीत घडला होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

हा धागा काढण्याचे कारण असे की नटांच्या सुरुवातीच्या कथा आपण बहुधा याच साच्यात वाचतो. कुणी कंडक्टर होता, कुणी सुतार होता, कुणी पोस्टर रंगवत होता, आणि मग एके दिवशी नशीब उघडले. माझे म्हणणे असे आहे की नायक-नायिकांच्या बाबतीत या साच्यात थोडेफार तथ्य असू शकते, कारण चेहरा आधी सापडतो आणि अभिनय नंतर शिकवता येतो. विनोदी नटांच्या बाबतीत मात्र हा साचा जवळपास पूर्ण खोटा ठरतो. ज्याने समोर बसलेल्या माणसांना आधी कुठेतरी शेकडो वेळा हसवलेले नाही, असा विनोदवीर पडद्यावर टिकल्याचे उदाहरण मला आठवत नाही. कुणाला आठवत असेल तर अवश्य लिहावे. वादासाठी मी तयार आहे.

मूकपट

मूकपटांच्या काळापुरते तुमचे म्हणणे निःशंकपणे मान्य करता येईल. चार्ली चॅप्लिनची आई इंग्लंडच्या म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी आणि विनोदी प्रवेशांच्या करमणूकगृहात, गात असे. १८९४ साली ऑल्डरशॉट येथे गाताना तिचा आवाज फाटला आणि पाच वर्षांच्या चार्लीला तिच्या जागी उभे करण्यात आले, ही हकिगत त्याने स्वतःच सांगितलेली आहे. पुढे तो मुलांच्या एका नृत्यपथकात होता, शेरलॉक होम्सच्या नाटकात त्याने हरकाम्या पोऱ्याची भूमिका केली आणि १९०८ साली फ्रेड कार्नो यांच्या विनोदी मंडळीत तो दाखल झाला. त्याचा थोरला भाऊ सिडनी तिथे आधीपासून होता आणि चार्लीला घ्यावे म्हणून त्यानेच आग्रह धरला होता. कार्नोंच्या मंडळीत शब्दांपेक्षा देहबोलीवर भर असे. एकच प्रवेश महिनोन्महिने, गावोगावी, वेगवेगळ्या प्रेक्षकांपुढे करावा लागे. कुठल्या पडण्याला हसू येते आणि कुठल्या पडण्याला प्रेक्षक फक्त दचकतो, याचा हिशेब तिथे अंगात मुरत असे. लॉरेल-हार्डी जोडीतला स्टॅन लॉरेल याच मंडळीत चॅप्लिनचा बदली नट होता. अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना १९१३ साली किस्टोन या चित्रपट कंपनीने चॅप्लिनला आठवड्याला दीडशे डॉलरवर करारबद्ध केले, तेव्हा त्याच्यामागे अशी जवळजवळ पंधरा वर्षांची मजुरी होती.

तरीही एक पुरवणी जोडतो. रंगमंचावर शिकलेले जसेच्या तसे कॅमेऱ्यापुढे चालत नाही. किस्टोनमध्ये सुरुवातीला चॅप्लिनच्या विनोदाच्या जागा संकलनात कापल्या जात. तेव्हा त्याने युक्ती काढली. दृश्यात शिरताना आणि दृश्यातून बाहेर पडतानाच तो काहीतरी गंमत करू लागला, कारण प्रवेश आणि निर्गमन कापणे संकलकाला अवघड जाते. असली हुशारी कोणत्याही म्युझिक हॉलमध्ये शिकवली जात नव्हती.

मूकपटांतला दुसरा विनोदवीर बस्टर कीटन याचे उदाहरण याहून ठळक आहे. आईवडिलांच्या खेळात बाप त्याला खरोखरच मंचभर फेकत असे, आणि त्यासाठी पोराच्या कपड्यांना पाठीवर मूठ शिवलेली होती. आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, हे त्याला त्या वयातच उमगले. पडद्यावर त्याचा जो निर्विकार चेहरा पुढे प्रसिद्ध झाला, त्याचे मूळ तिथे आहे. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये चित्रपटांतला विनोदी नट रॉस्को आरबकल याच्याशी गाठ पडली आणि त्याने हातातला रंगमंचाचा करार सोडून चित्रपट धरला. कॅमेरा चालतो कसा हे कळावे म्हणून त्याने तो उसना नेऊन सुटा केला आणि पुन्हा जोडला, असे तो सांगत असे.

पिटातला प्रेक्षक

आपण दोघेही नशिबाला फार कमी गुण देत आहात, असे नम्रपणे नोंदवतो.

अशोककुमार यांचे उदाहरण घ्या. बॉम्बे टॉकीजमध्ये ते प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते आणि नट व्हायची त्यांची इच्छा नव्हती. एका चित्रपटाचा ठरलेला नायक आणि नायिका देविकाराणी पळून गेले. देविकाराणी परत आल्या, नायकाला मात्र काढून टाकण्यात आले, आणि हिमांशू राय यांनी दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्या नापसंतीकडे दुर्लक्ष करून या तंत्रज्ञाला उभे केले. हे १९३६ साल. त्या दोघांचे प्रेमप्रकरण घडले नसते तर हिंदी चित्रपटाचा पहिला मोठा नायक प्रयोगशाळेत फिल्म धूत राहिला असता.

विनोदी नटांचेच हवे असेल तर जॉनी वॉकर आहेत. बद्रुद्दीन काझी हे मुंबईत बेस्टचे बस कंडक्टर होते आणि प्रवाशांची करमणूक करत तिकिटे फाडत असत. बलराज साहनी यांनी त्यांना हेरले आणि गुरुदत्त यांच्यापुढे दारुड्याची बतावणी करायला लावले. १९५१ च्या 'बाज़ी'मध्ये त्यांना काम मिळाले आणि मद्याच्या नावावरून नवे नावही मिळाले. गंमत म्हणजे आयुष्यभर गाजलेला हा दारुड्या स्वतः मद्य घेत नसे. साहनी दुसऱ्या बसने गेले असते तर काय झाले असते, याचे उत्तर धागाकर्त्यांनी द्यावे.

आणि राजा गोसावी? मास्टर विनायकांच्या कंपनीत पडेल ते काम करत ते चित्रपटात शिरले. १९५२ साली 'लाखाची गोष्ट' लागला तेव्हा ते चित्रपटगृहाच्या खिडकीवर तिकिटे विकत होते, आणि ज्या चित्रपटाची तिकिटे विकत होते त्याचे नायकही तेच होते.

तिसरी घंटा

@पिटातला प्रेक्षक, उदाहरणे उत्तम आहेत, परंतु ती माझ्याच बाजूने साक्ष देतात असे मला वाटते. अशोककुमार प्रयोगशाळेत पोहोचले कारण त्यांचे मेहुणे शशधर मुखर्जी तिथे काम करत होते. पळून गेलेल्या नायकाची जागा घेण्यासाठी माणूस आवारातच असावा लागतो. शिवाय ते विनोदवीर नव्हते. नायकाबद्दल मी आधीच सूट ठेवली आहे. जॉनी वॉकर यांच्याबाबत तर असे म्हणता येईल की ते रोज शेकडो प्रवाशांपुढे प्रयोग करत होते, फक्त त्या नाट्यगृहाला चाके होती. साहनी दुसऱ्या बसने गेले असते तर आणखी कुणीतरी कधीतरी त्यांना पाहिले असते, किंवा नसतेही, हे मात्र मान्य करतो. राजा गोसावींच्या कथेत मला नशिबापेक्षा त्या काळच्या कंपन्यांची रीत अधिक दिसते. माणूस आत शिरला की कार्यालय, मेकअप, तिकीट, भूमिका असा कुठेही वापरला जाई, आणि त्या वापरातून तो शिकत असे.

विंगेतून

या चर्चेत एक मोठी गोष्ट राहून गेली आहे, ती म्हणजे पगार. प्रेक्षकांपुढे वर्षानुवर्षे चुका करण्याची मुभा ज्याला मिळते तो शिकतो, आणि ती मुभा फुकट मिळत नाही. मराठीतल्या विनोदी नटांच्या संपूर्ण पिढीची सुरुवात पाहिली तर दिवसाची नोकरी आणि रात्रीची तालीम अशी जोडी दिसते.

अशोक सराफ सुमारे दहा वर्षे बँकेत होते. त्यांचे मामा गोपीनाथ सावकार यांची नाटकमंडळी होती आणि 'ययाति आणि देवयानी' या नाटकातील विदूषक ही त्यांची सुरुवातीची भूमिका होती. 'पांडू हवालदार' १९७५ साली आला, तोवर त्यांची नाटकातील उमेदवारी बरीच झालेली होती. निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम करत होते. १९६८ साली ते चित्रपटात आले. दादा कोंडके हेही सेवा दलाच्या कलापथकातले. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने त्यांना नाव दिले, त्यावरून भालजी पेंढारकरांनी १९६९ च्या 'तांबडी माती'त घेतले, आणि मग १९७१ मध्ये त्यांनी स्वतःचा चित्रपट काढला. लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला होते, म्हणजे नोकरी आणि रंगमंच एकाच इमारतीत. १९८० च्या दशकात 'टूरटूर' नाटकाने ते पुढे आले.

कलापथकाबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण बाहेरच्या अभ्यासकांना तो केवळ प्रचाराचा प्रकार वाटतो. कलापथकाचा प्रयोग बहुधा उघड्यावर, तिकिटाविना, गावच्या चौकात किंवा मैदानात होत असे. तिकीट काढून आलेला प्रेक्षक पैसे वसूल करायचे म्हणून तरी बसून राहतो. फुकट आलेला प्रेक्षक कंटाळला की उठून जातो. त्याला धरून ठेवणे हे काम ज्याला जमले, त्याला हजरजबाबीपणा वेगळा शिकवावा लागत नाही. वगनाट्यातील सोंगाड्याला तर संहितेबाहेर बोलण्याची परवानगीच असते, किंबहुना त्याने त्या दिवसाच्या बातमीवर, समोर बसलेल्या पाटलावर काहीतरी बोलावे अशी अपेक्षा असते. दादांच्या चित्रपटातील बोलण्याचा वेग आणि द्व्यर्थ पेरण्याची सवय तिथून आली आहे. ती सवय पुढे त्यांनी किती ताणली हा वेगळा विषय आहे आणि त्यावर माझे मत फारसे अनुकूल नाही.

जॉनी लीव्हर यांचे उदाहरणही याच रांगेतले आहे. ते हिंदुस्तान लीव्हरच्या कारखान्यात कामगार होते, तिथल्या समारंभात अधिकाऱ्यांच्या नकला करत आणि तिथेच त्यांना हे आडनाव चिकटले. त्याआधी रस्त्यावर पेन विकताना ते नटांच्या आवाजात बोलत. पुढे कल्याणजी-आनंदजी यांच्या रंगमंचीय कार्यक्रमांतून ते गाजले आणि १९८२ साली सुनील दत्त यांनी त्यांना चित्रपटात घेतले.

पिटातला प्रेक्षक

पगाराचा मुद्दा मान्य. पण मग ज्यांना नोकरी नव्हती, किंवा नोकरी करून रात्री तालमीला जाण्याइतकी ताकद नव्हती, त्यांची नावे आपल्याला ठाऊकच नाहीत. कलापथकात काम केलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांतले कितीतरी निळू फुल्यांइतकेच तयार असतील. आपण पोहोचलेल्यांकडे पाहून मागे जातो आणि म्हणतो की तयारी होती म्हणून पोहोचले. ही तर्कातली जुनी चूक आहे, आणि मी नशीब म्हणतो ते याच अर्थाने.

दुसरी बाजू

आतापर्यंतच्या प्रतिसादांत दोनच अभिनेत्रींची नावे आली, एक कॅफेत बसलेली मुलगी म्हणून आणि दुसरी पळून गेलेली नायिका म्हणून. स्त्रियांच्या सुरुवातीचा इतिहास वेगळा आहे, म्हणून लिहीत आहे.

फाळक्यांना १९१३ च्या पहिल्या चित्रपटासाठी तारामती करायला स्त्री मिळाली नाही आणि एका उपाहारगृहातील अण्णा साळुंके यांना ती भूमिका करावी लागली. याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. त्याच १९१३ साली फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या. या दोघींना कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याची भीती कमी होती, कारण त्या नाटकमंडळीत काम करणाऱ्या होत्या आणि समाजाने द्यायचा तो दोष त्यांना आधीच देऊन झाला होता. दुर्गा खोटे यांची अडचण उलट होती. त्या शिकलेल्या, प्रतिष्ठित घरातल्या, आणि आर्थिक ओढगस्तीमुळे १९३१ मध्ये एका किरकोळ चित्रपटात आल्या. त्या चित्रपटामुळे त्यांना टीका सोसावी लागली. पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा'ने चित्र पालटले, पण पहिल्या चित्रपटानंतर त्या घरी बसल्या असत्या तर कुणाला नवल वाटले नसते.

विनोदी स्त्रीला तर रस्त्यावर, चौकात, बसमध्ये सराव करण्याची सोयच नव्हती. विंगेतून यांनी वर्णन केलेल्या मुक्त शाळांचे दरवाजे मुलींना अर्धेच उघडे होते. अमेरिकेतील विनोदवीर फिलिस डिलर १९५५ साली सॅन फ्रान्सिस्कोतील पर्पल अनियन या क्लबमध्ये प्रथम उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे वय ३७ होते आणि त्या पाच मुलांच्या आई होत्या. थोड्या दिवसांसाठी ठरलेला कार्यक्रम लांबत गेला. त्यांच्याजवळ म्युझिक हॉल नव्हता, मंडळी नव्हती, मामाही नव्हता. घरसंसाराची त्यांनी जी टिंगल केली, तिचा सराव त्यांनी स्वयंपाकघरात केला असे म्हणावे लागेल. धागाकर्त्यांनी "शेकडो वेळा हसवलेले" हा निकष लावताना हेही पाहावे.

स्मिता पाटील विनोदी नव्हत्या, पण त्यांची वाट उल्लेखनीय आहे. मुंबई दूरदर्शनवर त्या बातम्या वाचत असत आणि श्याम बेनेगल यांनी त्यांना तिथे पाहिले. कॅमेऱ्यात थेट पाहून न घाबरता बोलणे ही एक वेगळीच तालीम आहे.

मूकपट

दुसरी बाजू यांच्या प्रतिसादामुळे माझा आधीचा सूर थोडा मवाळ करावा लागेल.

एक वेगळा धागा जोडतो. म्युझिक हॉल आणि त्याचाच अमेरिकी प्रकार असलेले व्हॉडव्हिल संपल्यावर ती शाळा कुणी चालवली? ब्रिटनमध्ये बराच भार विद्यापीठांनी उचलला. केंब्रिजच्या फूटलाइट्स या १८८३ पासूनच्या मंडळातून जॉन क्लीझ, ग्रॅहम चॅपमन, एरिक आयडल हे विनोदवीर आले. 'मिस्टर बीन' म्हणून गाजलेले रोवन ॲटकिन्सन विद्युत अभियांत्रिकी शिकत ऑक्सफर्डला पोहोचले, तिथे रिचर्ड कर्टिस भेटले आणि एडिंबराच्या फ्रिंज या महोत्सवातून ते दूरचित्रवाणीवर गेले. ही फ्रिंज मुळात १९४७ मध्ये आठ नाटकमंडळ्या मुख्य महोत्सवाला निमंत्रणाविना येऊन थडकल्या त्यातून सुरू झाली. जपानमध्ये योशिमोतो कंपनीने १९८२ साली विनोदवीरांची रीतसर शाळाच काढली आणि 'डाउनटाउन' ही जोडी तिच्या पहिल्याच तुकडीतली. त्याआधीच्या पिढीतील ताकेशी कितानो मात्र विद्यापीठ सोडून टोकियोतील आसाकुसा भागातल्या एका नग्ननृत्याच्या थिएटरात लिफ्ट चालवत होते आणि तिथल्या फुकामी नावाच्या नटाकडे त्यांनी शागिर्दी केली. तिथला प्रेक्षक विनोद ऐकायला आलेलाच नसतो. विंगेतून यांच्या फुकट्या प्रेक्षकापेक्षाही हा कठीण.

विंगेतून

अमेरिकेचे राहिले. शिकागोत १९५९ साली 'सेकंड सिटी' ही विनोदी नाट्यसंस्था सुरू झाली. तिथे उत्स्फूर्त प्रवेश बसवण्याची जी पद्धत रूढ झाली, ती व्हायोला स्पोलिन यांनी मुलांसाठी तयार केलेल्या नाट्यखेळांवर आधारलेली होती, आणि संस्थेच्या संस्थापकांपैकी पॉल सिल्स हे त्यांचे चिरंजीव. १९७५ साली दूरचित्रवाणीवर 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला तेव्हा बेलुशी, ॲक्रॉइड, गिल्डा रॅडनर हे सेकंड सिटीतूनच आले.

दुसरी वाट लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोअर या विनोदी क्लबची, जे १९७२ मध्ये उघडले. मिट्झी शोअर यांच्याकडे ते आल्यावर रॉबिन विल्यम्स, डेव्हिड लेटरमन अशी मंडळी तिथे उभी राहत, पण त्यांना मानधन मिळत नसे. ही शाळा आहे, इथे शिकायला मिळते, असा मालकीणबाईंचा युक्तिवाद होता. पेये वाटणाऱ्यांना पगार आणि हसवणाऱ्यांना काहीच नाही, यावर १९७९ मध्ये विनोदवीरांनी संप केला, फलक घेऊन दाराशी उभे राहिले आणि काही मानधन मिळवले. पगाराबद्दल मी वर लिहिले त्याचे याहून नेमके उदाहरण सापडणार नाही.

तिसरी घंटा

दुसरी बाजू यांची दुरुस्ती मी स्वीकारतो. माझा निकष प्रयोगांच्या संख्येचा नसून ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाचा असायला हवा होता, आणि पाच मुले हाही प्रेक्षकच झाला.

पिटातला प्रेक्षक यांच्या तर्काला मात्र पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. एवढेच म्हणतो की संधी आल्यावर काय केले, हे तरी आपण पाहू शकतो. १९७८ साली रॉबिन विल्यम्स एका मालिकेत परग्रहवासीयाच्या भूमिकेसाठी चाचणीला गेले. निर्माते गॅरी मार्शल यांनी बसायला सांगितले, तेव्हा ते खुर्चीवर डोके खाली करून बसले. चाचणीला आलेल्यांत खरा परग्रहवासी हा एकच होता, असे मार्शल पुढे सांगत. भूमिका मिळाली आणि तिच्यावरून स्वतंत्र मालिका निघाली. खुर्ची पाहून तसे सुचणे हे त्यांच्या क्लबमधल्या रात्रींचे देणे होते, असे मी मानतो.

नवीन सदस्य

सर्व प्रतिसाद वाचले. धागाकर्त्यांनी पहिल्याच प्रतिसादात अपवाद मागितला होता, म्हणून एक नाव मांडते. अमेरिकेतील बो बर्नहम याने २००६ साली, सोळा वर्षांचा असताना, आपल्या खोलीत बसून विनोदी गाणी चित्रित केली आणि यूट्यूबवर टाकली. समोर प्रेक्षक नव्हता, हशा ऐकू येत नव्हता, होते ते दर्शकांचे आकडे. पुढे तो रंगमंचावर गेला आणि २०१८ मध्ये त्याने चित्रपट दिग्दर्शित केला. म्हणजे इथे क्रम उलटला आहे. आधी पडदा आणि मग रंगमंच.

आज मोबाइलवर छोट्या चित्रफिती करून मालिका-चित्रपटांत येणाऱ्या मुलामुलींची वाट हीच आहे. दुसरी बाजू यांनी म्हटलेला अर्धा उघडा दरवाजा मुलींसाठी इथे बराच उघडला, कारण घराबाहेर न पडता सुरुवात करता येते. परंतु कंटाळून उठून जाणारा माणूस दिसत नाही. तो बोटाने पुढे सरकतो आणि कुठल्या वाक्याला गेला हे आलेखावर नंतर कळते. त्या आलेखावरून विनोदाची वेळ शिकता येते की नाही, हे विंगेतून यांच्यासारख्या जाणकारांनी सांगावे. मला वाटते की येते, पण हशा संपेपर्यंत थांबण्याची सवय लागत नाही, आणि म्हणूनच यांतले अनेकजण नाटकात पहिल्यांदा उभे राहतात तेव्हा प्रेक्षक हसत असतानाच पुढचे वाक्य बोलून मोकळे होतात.